आवारातले पाणी, शिवारातले पाणी

चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. जुलैचा मध्य, रोवणीचे दिवस.

पहाटे ५:३०

रात्रभर पाऊस लागला आहे आणि अजून थांबलेला नाही. महाविद्यालयाच्या आवारातले पाणी समजून घ्यायचे तर अशाच वेळी बाहेर पडावे लागते. नकाशावर उतार दाखवता येतो. पाणी प्रत्यक्ष कुठे वळते, कुठे साचते, कुठल्या कोपऱ्यात जोर धरते हे चालू पावसातच दिसते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि आवाराच्या झाडापाण्याचे काम माझ्याकडे आहे. गमबूट, छत्री, बॅटरी आणि एक लांब काठी एवढ्या सामानावर फेरी सुरू होते.

आवार पाच एकरांचे. रस्त्याकडची बाजू उंच. तिथे मुरमाड, खरडी जमीन आणि इमारती. मागची बाजू सखल. तिथे काळी कन्हार. कधीकाळी तिथे धानाच्या बांध्या होत्या. इमारती झाल्यावर छताचे आणि अंगणाचे सगळे पाणी एका सरळ सिमेंटच्या नालीत घातले गेले. ती नाली मागच्या भिंतीतल्या भोकातून थेट शेजाऱ्याच्या बांधीत उतरायची. पाऊस थांबल्यावर तासाभरात आवार कोरडे व्हायचे, आणि त्याच तासाभरात शेजाऱ्याचा धुरा फुटायचा. नुकतेच रोवलेले परे गाळाखाली जायचे. आवारातला निचरा उत्तम आहे असे त्या काळी सगळेच म्हणत.

ती नाली आता तीन ठिकाणी तोडली आहे. छताचे पाणी वेगळे काढून टाकीकडे आणि बोअरकडे नेले. अंगणाचे पाणी उताराला आडव्या खोदलेल्या उथळ, गवताळ चरांमध्ये फिरवले. चर भरून जे उरते ते सखल कोपऱ्यातल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, येते. बोडी तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल; म्हणजे नऊ लाख लिटरची. तिला मातीची पाळ आहे, जादा पाणी जाण्यासाठी दगडी सलंग आहे आणि हवे तेव्हा पाणी सोडण्यासाठी तुडूम आहे. यातला एकही भाग नव्याने शोधलेला नाही. चामोर्शी तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या तलावावर हे तिन्ही भाग पाहायला मिळतात.

बोडीवर माळीकाका माझ्याआधी पोहोचलेले असतात. त्यांचा अहवाल एका वाक्याचा: “सलंगेवरून पानी जाऊन रायलं जी मॅडम, पन गढूळ नाई.” यात सगळे आले. सलंगेवरून जाणारे पाणी गढूळ असते तर वरच्या बाजूला कुठेतरी माती सुटते आहे असा अर्थ झाला असता, आणि मग पावसातच कुदळ घ्यावी लागली असती.

सकाळी ७:००

पाऊस ओसरतो. आता साफसफाई. छताचे पाणी वाहून आणणाऱ्या पाइपांच्या तोंडाशी जाळ्या आहेत. त्यांत पाने, काड्या, पाखरांच्या घरट्यांचे काडवे अडकलेले असते. एक जाळी तुंबली तरी छतावर पाणी साचते आणि वर्गाच्या भिंतीला ओल येते. त्यामुळे मोठ्या पावसानंतरचे पहिले काम जाळ्यांचे.

पाइप खाली गाळणीच्या खड्ड्यात उतरतो. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सर्वांत वर जाड वाळू. वाळू वर ठेवण्याला कारण आहे: गाळ वरच अडतो, आणि दोन बोटे जाडीचा थर खरवडून काढला की गाळणी पुन्हा चालू होते. वाळू तळाला असती तर दरवेळी पूर्ण खड्डा उपसावा लागला असता. माळीकाका थर खरवडतात, मी पाण्याचा वेग पाहते. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसाचे पाणी आम्ही या खड्ड्यात घेतच नाही. छतावरची वर्षभराची धूळ आणि पाखरांची विष्ठा त्यात असते. वळणाच्या तोटीने ते बागेत सोडतो. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तर त्यानंतरच्या पहिल्या सरीचेही तेच.

बोअरमध्ये फक्त छताचे, गाळलेले पाणी जाते, हा नियम आम्ही कधीच मोडत नाही. समोरच्या रस्त्यावरून लोहखनिजाचे अवजड ट्रक दिवसरात्र जातात. त्यांची लाल धूळ आणि सांडलेले तेल पावसात वाहत फाटकापर्यंत येते. हे पाणी बोअरमध्ये घातले तर जमिनीखालचे पाणी वर्षानुवर्षे नासेल आणि ते परत स्वच्छ करता येणार नाही. म्हणून फाटकाजवळ वेगळा गाळखड्डा आहे. त्याच्या पुढे वाळ्याची दाट रांग लावली आहे. खड्ड्यात माती बसते, वाळ्याच्या जुड्यांत उरलेला गाळ अडतो आणि मगच पाणी पुढच्या चरात जाते. आज त्या खड्ड्यात टोपलीभर लाल चिखल निघाला. तो बागेत टाकत नाही. बाजूला साठवून खड्डे भरायला वापरतो.

सकाळी ८:३०

भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि साडेआठलाच सुरू होतो. आमचे पर्जन्यमापकही त्याच वेळी वाचले जाते, म्हणजे आमचा आकडा तहसील कार्यालयाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. आज नळीतले पाणी शंभर मिलिमीटरच्या आसपास आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की तो जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की अतिवृष्टीचा सर्वांत वरचा वर्ग. म्हणजे आजचा पाऊस जोरदार.

हिशेब फळ्यावर मांडून ठेवला आहे, येणारा-जाणारा वाचतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटर छतावर शंभर मिलिमीटर पडला तर एक लाख लिटर. सिमेंटच्या छतावरून त्यातले दहापैकी आठ-नऊ भाग वाहून येतात. पाच हजार लिटरचा एक टँकर धरला तरी एका रात्रीत सोळा टँकर झाले. पूर्ण पाच एकरांचा हिशेब केला तर आवारात पडलेले पाणी वीस लाख लिटर. यातले निम्मे जरी वाहिले तरी बोडी तुडुंब भरते, आणि काल ती रिकामी नव्हतीच. म्हणूनच आज सलंग चालू आहे.

गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. महाशिवरात्रीच्या जत्रेला जाणाऱ्या प्रत्येकाने तिथले रुंद, उघडे वाळवंट पाहिलेले आहे. पावसाळ्यात नदी दुथडी आणि मे महिन्यात विहिरीचा तळ उघडा, ही आमच्या जिल्ह्याची ओळख आहे. पाऊस कमी म्हणून इथे टंचाई येत नाही. पडलेले पाणी थांबत नाही म्हणून येते. शाळा, महाविद्यालये, कार्यालये, वसतिगृहे यांच्या छतांनी आणि फरसबंद अंगणांनी त्याला आणखी घाईने पळायला लावले आहे.

सकाळी १०:००

पर्यावरण अभ्यासाचा तास. आज वर्ग बाहेर. विद्यार्थी दोन गटांत: एक रस्त्याकडच्या खरडीवर, दुसरा बोडीजवळच्या कन्हारीवर. दोन्ही गटांनी फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा खणायचा, त्यात पाणी भरायचे, काठी रोवून तिच्यावर खुणा करायच्या आणि दर दहा मिनिटांनी पातळी लिहायची. ही चाचणी मुद्दाम ओल्या जमिनीवर घ्यायची असते. कोरडी जमीन पहिले पाणी अधाशासारखे पिते आणि आपल्याला फसवते. भिजून चिंब झालेली जमीन जेवढे पाणी घेते तेवढीच तिची खरी ताकद.

खरडीवरचा खड्डा तास संपण्याआधी रिता होऊ लागतो. कन्हारीवर पाण्याची रेघ जवळजवळ जागची हलत नाही. यातल्या बहुतेक मुलामुलींच्या घरी शेती आहे. कन्हार, मोरांड, खरडी यांतला फरक त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे: कन्हारीत पाणी धरते म्हणून धान चांगला, खरडीत पाणी ठरत नाही. आजच्या तासाला त्यांनी या ठाऊक असलेल्या गोष्टीचा उपयोग इमारतीच्या आवारात करायचा आहे. पाणी जमिनीत मुरवायचे असेल तर मुरवण्याचा खड्डा खरडीत घ्या. पाणी साठवायचे असेल तर बोडी कन्हारीत घ्या. हे उलटे केले तर खड्ड्यात डास होतात आणि बोडी दिवाळीतच कोरडी पडते.

गावोगावी एकाच मापाचे शोषखड्डे, एकाच नकाशावरून, कुठल्याही मातीत खणलेले दिसतात. मूल्यांकनाच्या फाइलमध्ये छायाचित्र लागते आणि काम पूर्ण होते. त्या खड्ड्यात खरोखर पाणी मुरते का, हे कळायला एक खड्डा, एक काठी आणि एक तास पुरतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला हे शक्य आहे. मुलांनी आजची पाने वहीत नीट लिहून ठेवली. पुढच्या वर्षीची तुकडी त्याच जागी तीच चाचणी घेईल आणि गाळ किती बसला हे दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहील.

सकाळी ११:३०

मागच्या भिंतीपाशी शेजारचे शेतकरीकाका येतात. त्यांच्या बांधीत रोवणी चालू आहे. बायांची रांग वाकून परे रोवते आहे, चिखलात पाणी घोट्याएवढे. ते बोडीकडे पाहतात आणि सांगतात, “आज सोडू नोका मॅडम. रोवना आटपू द्या. मंग लागनच पानी.”

हा निरोप माझ्या वहीत जातो आणि तुडूमाची बूचे घट्ट बसवली आहेत ना हे माळीकाका पाहून येतात. जुन्या तलावांत तुडूमाला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे असतात. पाणी जसे उतरेल तसे खालचे छिद्र उघडायचे. आम्ही तीन उंचीवर तीन पाइप बसवले आहेत. सलंगेवरून पडणारे पाणी आपल्या हातात नसते, म्हणून सलंगेपुढे दगड रचून त्याचा जोर मोडला आहे आणि ते भिंतीच्या कडेने गवताळ चरातून नाल्याकडे वळवले आहे. तुडूमाचे पाणी मात्र आपल्या हातात असते. ते कधी सोडायचे हे खालच्या शेताला विचारून ठरते.

ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की, आणि पुढे धान पोटरीत येऊन निसवायच्या वेळी, हेच पाणी त्यांना हवे असते. त्या आठ-पंधरा दिवसांत बांधी सुकली तर लोंब्या पोचट राहतात. त्या वेळी वरचा पाइप उघडायचा, रात्रभर बारीक धार सोडायची, सकाळी बंद करायचा. आवारातल्या झाडांना मार्चपर्यंत पुरेल एवढे पाणी खालच्या पाइपाच्या पातळीखाली राखून ठेवलेले असते.

आवाराच्या पाण्याविषयी मला सांगायचे आहे ते हेच. भिंतीबाहेर गेले म्हणून पाण्याची आपली जबाबदारी संपत नाही. ज्या संस्थेने एकर-दोन एकर जमीन छपराखाली आणि सिमेंटखाली घातली, तिने खालच्या शेताचे पाणी बदलले. ते पाणी किती जोराने जाईल आणि कोणत्या दिवशी जाईल, याचा हिशेब देणे तिचे काम आहे. धान उत्पादकांच्या मुलांना शिकवणाऱ्या संस्थेवर तर ही जबाबदारी दुप्पट आहे.

दुपारी १:००

जेवणाची सुट्टी. उपाहारगृहातल्या मावशी मागच्या चराच्या काठावर तरोट्याची कोवळी पाने खुडताहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला तरोट्याची भाजी या भागात घरोघर होते. चराकाठचे गवत आणि झुडपे आम्ही सरसकट कापत नाही. वरचेवर छाटणी केली तर मुळे उथळ राहतात आणि पाण्याला धरायला काही उरत नाही. चार बोटे उंच ठेवलेले गवत पाण्याचा वेग मोडते आणि गाळ जागीच ठेवते. गाजरगवत आणि रायमुनिया मात्र दिसेल तिथे उपटतो. बोडीच्या काठावर बेशरम शिरू दिले नाही. जुन्या तलावांत या एका झुडपाने केवढी जागा खाल्ली आहे ते तालुकाभर दिसते.

आवार ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून हिरवळीचा गालिचा आणि कडेने शोभेची झुडपे लावा, अशी सूचना दरवर्षी येते. सूचना करणाऱ्यांची भावना चांगली असते. पण गालिच्याला नेमके मार्च ते जूनमध्ये रोज पाणी लागते, म्हणजे गावातल्या नळाला पाणी येत नाही त्याच दिवसांत. त्याऐवजी या मातीची झाडे त्यांच्या-त्यांच्या जागी लावली आहेत. बोडीकडच्या ओलाव्यात अर्जुन, जांभूळ, करंज. वरच्या खरडीवर मोह, चारोळी, तेंदू, आवळा. मधल्या पट्ट्यात ऐन आणि बेहडा. कुंपणाला बांबू. मोहाला फुले धरायला दहाएक वर्षे लागतात. लावणाऱ्या तुकडीला ती दिसत नाहीत, तरी प्रत्येक तुकडी एक मोह लावते.

बोडीच्या पाळीवर मात्र एकही मोठे झाड नाही. झाड वाळले की त्याची मुळे पाळीच्या पोटात कुजतात, तिथे पोकळी राहते आणि पाणी तीच वाट धरते. पाळीवर वाळा, कुश आणि दूर्वा. पाण्याच्या काठाला देवधान आपसूक आले आहे. ते काढायचे नाही असे ठरले आहे, कारण त्याच्या आडोशाने लहान मासे आणि पाखरे राहतात. भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांबरोबर तलावांतले बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. माशांच्या देशी जाती टिकवायच्या तर आधी वनस्पती परत आणाव्या लागतात, ही गोष्ट त्यांनी प्रत्यक्ष तलावात उतरून दाखवली. आमची बोडी लहान आहे, पण धडा तोच आहे.

दुपारी २:३०

बांधकाम समितीची बैठक. विषय: दुचाकी उभ्या करण्याच्या जागेची फरसबंदी. ठेकेदाराने सिमेंटच्या थरावर पेव्हर ब्लॉक असा प्रस्ताव दिला आहे. ब्लॉकमध्ये फटी असल्या तरी खाली सिमेंट असेल तर पाणी मुरणार कुठे? माझा प्रस्ताव असा: खाली खडी, त्यावर वाळू, मग ब्लॉक, फटींत वाळूच, चाके जातात तेवढ्याच पट्ट्यांना फरशी आणि मधली जागा मुरूम-गवताची, झाडांच्या बुंध्याभोवती किमान मीटरभर मोकळी माती. खर्च वाढत नाही, काम मात्र बारकाईने करावे लागते. समितीतले ज्येष्ठ सदस्य विचारतात, असे कुठे झाले आहे का?

उत्तर द्यायला कोल्हापूरला जावे लागते, आणि मग घरी परत यावे लागते. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. साडेआठशे एकरांहून मोठा माळ. त्या विद्यापीठाने आवारात तळी, शेततळी, विहिरी आणि पाण्याच्या वाटा नीट केल्या आणि पाण्याच्या बाबतीत आपल्या पायावर उभे राहिले. २०१९ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा कोलमडला तेव्हा विद्यापीठाने नागरिकांना पाणी दिले. आवाराने पाणी धरले तर ते भिंतीबाहेरही उपयोगी पडते, याचा एवढा स्पष्ट दाखला महाराष्ट्रात दुसरा मला माहीत नाही.

जगातही हीच दिशा आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या सुमारास घरांच्या आवारात पाणी मुरवणाऱ्या ‘पाऊसबागा’ केल्या गेल्या आणि तिथून ती पद्धत पसरली. चीनने २०१५ पासून ‘स्पंज शहरे’ उभारण्याचा कार्यक्रम घेतला. त्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते यू कोंगजियान झेजियांग प्रांतातल्या एका खेड्यात वाढले. शेततळी, पाणी अडवणारे लहान बांध आणि भातखाचरे यांच्यापासून आपण शिकलो असे ते सांगत.

भातखाचरांपासून शिकायचे तर आम्हांला चीनला जायची गरज नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पट्ट्यात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन देण्याची पद्धत होती, आणि कोहळी समाजाने हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. वरच्या तलावाची सलंग वाहिली की पाणी खालच्या तलावात, तिथून बोड्यांत, तिथून बांध्यांत. प्रत्येक टप्प्यावर वेग कमी आणि प्रत्येक टप्प्यावर उपयोग. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे शेतसारा गोळा करणाऱ्यांची जमीनदारी पद्धत, संपली. तलाव सरकारकडे आले, लहान-मोठे पाहून जिल्हा परिषद आणि पाटबंधारे खाते यांच्यात विभागले गेले. शेतसारा घेणारा गेला तसा पाळ दुरुस्त करणारा, गाळ काढणारा, सलंगेचा दगड बसवणारा गावगाडाही हळूहळू विस्कटला. तलावांचे शास्त्र कधी चुकले नव्हते. त्यांची देखभाल कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

बैठकीत शेवटी वाळूवरच्या ब्लॉकचा ठराव मंजूर होतो. अंदाजपत्रक नव्याने येईल.

दुपारी ४:००

आरोग्य केंद्रातून आरोग्यसेवक आले आहेत. गडचिरोली हा महाराष्ट्रात हिवतापाचे फार रुग्ण असलेला जिल्हा आहे. इथे पाणी साठवा असे कोणी सांगितले तर ‘आणि डासांचे काय?’ हा प्रश्न लगेच विचारला गेला पाहिजे. आम्ही तो रोज विचारतो.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून चरात आणि मुरवण्याच्या खड्ड्यात पाणी तीन दिवसांच्या आत जिरले पाहिजे. जिथे जिरत नाही तिथला उतार सुधारायचा किंवा तो खड्डा बुजवून टाकायचा. बोडीत पाणी महिनोन्‌महिने असते, म्हणून तिथे मासे हवेत आणि काठ सरळ उतरता हवा. उथळ, गुरांच्या खुरांनी खळगे पडलेल्या काठावर अळ्या सर्वांत जास्त होतात. आरोग्यसेवक पळीने पाणी उचलतात. हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडून असते, क्युलेक्सची डोके खाली करून तिरकी लटकते. विद्यार्थिनी भिंगातून पाहून फरक सांगतात. आज चरांत अळी नाही. वसतिगृहामागच्या फुटक्या कुंड्यांत मात्र सापडली. कुंड्या तिथल्या तिथे उपड्या केल्या आणि उद्यापासून त्या कोठीत.

पाणी अडवणे आणि हिवताप रोखणे ही दोन कामे एकमेकांच्या विरोधात जाऊ द्यायची नसतील तर आठवड्यातून एकदा पळी घेऊन फिरणारा माणूस लागतो. आमच्याकडे ते काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी उचलले आहे.

सायंकाळी ५:३०

आभाळ पुन्हा भरते. अर्धा तास जोराची सर. जमीन आधीच चिंब असल्याने पाणी लगेच वाहू लागते. पहिला चर भरतो, त्याच्या टोकाच्या दगडी उतरणीवरून पाणी दुसऱ्यात उतरते, दुसऱ्याला भरायला वेळ लागतो. छतावरून पाणी धो-धो पडू लागल्यापासून बोडीची पातळी हलेपर्यंत मधे बराच वेळ जातो. एवढ्या उशिरासाठीच हे सगळे काम आहे. सर ओसरल्यावरही सलंगेवरून संथ पाणी जात राहते आणि शेजारच्या बांधीतले पाणी घोट्याच्या वर चढत नाही.

दुसऱ्या चराच्या वळणावर कडेची माती थोडी खचली आहे. माळीकाका आणि दोन मुले तिथे पोत्यात माती भरून ठेवतात, वर दगड. आजच्या आज एवढे केले नाही तर रात्रीच्या पावसात तिथून ओघळ पडेल आणि आठवड्यात तो गुडघ्याएवढा होईल.

रात्री ९:००

घरी नोंदवही. पाऊस, बोडीची पातळी, सलंग किती वाजता सुरू झाली, कोणत्या जाळ्या तुंबल्या, शेजाऱ्यांचा निरोप, आरोग्यसेवकांची नोंद. मग बातम्या: वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे किती दरवाजे उघडले, चिचडोह बंधाऱ्यावर पाणी किती. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले होते आणि वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत शेकडो गावांच्या शिवारात धुमाकूळ घातला होता. नदी अशी फुगली की नाल्यांचे पाणी तिच्यात शिरत नाही, मागे तुंबते. नऊ लाख लिटरची एक बोडी त्या पुराला रोखू शकत नाही. तिचा उपयोग भिंतीपलीकडच्या चार बांध्यांना, आवारातल्या बोअरला आणि मार्चमधल्या रोपांना. तेवढ्यापुरती ती पुरेशी आहे, आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने, आश्रमशाळेने, वसतिगृहाने, कार्यालयाने आपापल्या भिंतीपुरते एवढे केले तर तालुक्याच्या नाल्यांवरचा भार खरोखर कमी होईल.

उद्याची कामे: खचलेल्या वळणावर दगडी पिचिंग. वसतिगृहाच्या छताची जाळी बदलणे. अर्जुनाच्या रोपांभोवतीची आळी मोडून त्यांना चराकडे तोंड करून देणे, म्हणजे जादा पाणी बुंध्याशी थांबणार नाही. प्राचार्यांसाठी एक पानाची टिपणी: देखभालीसाठी दरवर्षी स्वतंत्र रक्कम. बांधकामाला पैसे मिळतात, गाळ काढायला मिळत नाहीत, आणि जुने तलाव याच कारणाने गेले. मे महिन्यात बोडीतला गाळ निघेल तो शेजारच्या शेतांना द्यायचा. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून हेच सांगते आहे.

टिपणीची एक प्रत विद्यापीठाकडे जाईल. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांचा नागपूरशी असलेला जुना संबंध संपला. या दोन जिल्ह्यांत अजून कितीतरी शैक्षणिक इमारती उठायच्या आहेत. त्यांतल्या प्रत्येकीच्या जागेवर आराखडा करणाऱ्याने एकदा भर पावसात चालावे, खालच्या शेतकऱ्याला भेटावे आणि माती हातात घेऊन पाहावी. कोऱ्या नकाशावर आधी पाळ, सलंग आणि तुडूम यांच्या जागा आखाव्यात; रस्ते आणि इमारती त्यानंतर.